म्हादूच्या अंगावरचे शर्ट

म्हादू गेल्याची बातमी मला समोरच्या दुकानातून कळली, हे मी अजून विसरलेलो नाही. सकाळी एका गिऱ्हाइकाची विजार बेतत होतो, तेवढ्यात समोरच्या नरसय्यानं नुकत्याच काढलेल्या फळ्या परत लावायला घेतल्या. भर सकाळी हा दुकान का बंद करतोय म्हणून पाहिलं, तर तो डोळे पुसत माझ्याकडंच येत होता. "शेठ, म्हादूआण्णा गेले की... पहाटे." एवढंच बोलला. आणि मी काय म्हणालो, तर "तुला कुणी सांगितलं?" लहानपणापासूनचा दोस्त माझा, आणि त्याच्या घरचा निरोप आधी नरसय्याकडं गेला होता. रडू नंतर आलं, दुकानाच्या मागच्या खोलीत. आज महिना उलटला, तरी आधी राग आला आणि मग रडू, हे काही पुसलं जात नाही.

आता वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी म्हादूवर लिहा असा आग्रह झाला आहे. माझ्याआधी आणखी कुणाला विचारलं होतं का, हे मी मुद्दामच विचारलं नाही. महादेव आणि मी सोलापुरातल्या एकाच चाळीत वाढलो. मी शिंप्याचा मुलगा, वडिलांच्या चालत्या दुकानात मशीनवर बसलो. तो गिरणीत लागला. मग गिरणीचा भोंगा वाजायचा थांबला आणि चाळीतली धडधाकट माणसं दिवसभर ओट्यावर बसून राहायला लागली. म्हादूनं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते बरं चाललं, आणि तिथंच त्याचा दुसरा उद्योग सुरू झाला. कामावरून सुटलेला कुणी बाकड्यावर येऊन बसला की पंक्चर काढता काढता तो विचारायचा, "शेजारीपाजारी तुला फुकटात काय करायला सांगत्यात?" माणूस ओशाळून सांगायचा, कुणी खाटेची नवार विणून घेतं, कुणी पोरांचे केस कापून घेतं. "मग त्योच तुझा धंदा. उद्यापासनं फुकट बंद." दुष्काळात मंद्रूपकडून आलेली एक बाई त्याच्यापुढं रडत बसली होती. "मला कायबी येत न्हाय, आण्णा." म्हादूनं विचारलं, "भाकरी येती का?" ती चिडलीच. "ती कुणाला येत न्हाय?" पुढं तिच्या कडक भाकऱ्या स्टेशनाकडच्या खानावळीत जायला लागल्या. तवा कुणाचा, परात कुणाची, बसायला पायरी कुणाची, हे सगळं म्हादू सायकलवर हिंडून जुळवायचा.

आणि दुकान उघडायच्या दिवशी भवानी, म्हणजे पहिली विक्री, म्हादूच्या हातची. त्याच्या हाताला गुण आहे असं लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. तो येईपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून धरायचे. हा पूर्ण पैसे मोजणार, आणि घेतलेली वस्तू घरी नेऊन ठेवणार नाही, वापरणार. त्यामुळं म्हादू म्हणजे गावातल्या तमाम नवशिक्यांचं चालतंबोलतं प्रदर्शन होता. केस एका कानावर आखूड, दुसऱ्यावर लांब. चपला अशा करकरायच्या, की तो बोळात वळला की मला दुकानात कळायचं. आणि शर्ट... शर्टांचं मला सोसायचं नाही. एकाचा खांदा दंडावर उतरलेला, एकाची कॉलर मानेपासून फटकून उभी. माझ्या हातचे कोट घालून वकील कोर्टात उभे राहतात, आणि माझाच जिवलग मित्र गावभर हे ध्यान करून हिंडायचा. मी म्हणायचो, "म्हादू, ये एकदा, तुला माणसासारखा शर्ट शिवून देतो." तो हसायचा. "तुझं दुकान चालतंय की रे दिगू. तुला माझी काय गरज?"

मीही हसायचो. पण ते बोलणं मला लागायचं. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटायचा, सरळच सांगतो. नोकरी गेलेल्यांचा, तीन दगडांवर तवा ठेवून बसलेल्यांचा हेवा. माझं दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं, त्याची भवानी कधी म्हादूच्या हातची झालीच नाही. एकदा हे दुकान बुडावं, म्हणजे म्हादू येऊन माझ्या पायरीवर बसेल, माझ्यासाठी सायकल हाणेल, असंही मनात येऊन जायचं.

त्यात त्यानं नरसय्याला आणून बसवलं, तेही माझ्या समोर. नरसय्या तेलुगू, जन्म विणण्यात गेलेला. शेजारच्या बायका त्याच्याकडून फाटकं-उसवलं सांधून घ्यायच्या, म्हणून म्हादूनं त्याला शिंपी ठरवला. मी भांडलो. "सगळं सोलापूर सोडून हितंच जागा मिळाली व्हय तुला?" म्हादू शांतपणे म्हणाला, "समोरासमोर दोन दुकानं असली की गिऱ्हाईक वाट वाकडी करून येतंय. आणि तू हायस की, त्याला चार गोष्टी सांगायला." मी एकही गोष्ट सांगितली नाही, सांगायची गरजही पडली नाही. नरसय्याची अडचण वेगळीच होती, त्याला कापडाला कात्री लावायचा धीर होईना. विणणारा माणूस तो, एकेका धाग्याची मेहनत त्याला ठाऊक. जिथं मी निर्धास्त कापायचो, तिथं तो कापड आत दुमडून शिवणीत दडवायचा. त्याच्या हातचा पहिला शर्ट म्हादू घालून आला, तेव्हा आत आणखी एक म्हादू मावला असता. मी रस्त्यावर ऐकू जाईल इतका हसलो. म्हादूनं बाह्या दुमडल्या आणि म्हणाला, "हवा लागती रे छान."

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि माझं हसू गेलं. शिवणीत दडवलेलं कापड पुढच्या वर्षी उसवून पोराच्या अंगाला येतं, हे आयांच्या ध्यानात आलं. दुष्काळातून निघालेली माणसं, त्यांना दुसरं काय पाहिजे? माझी गणवेशाची गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून गेली. वर नरसय्या इतका भला, की कोट शिवायला आलेल्याला तो बोट दाखवून माझ्याकडं पाठवायचा. त्याचा मला जास्त राग यायचा. संध्याकाळी म्हादूची सायकल त्याच्या फळीला टेकलेली दिसली की माझी शिवण वाकडी जायची.

...आणि मग यंदाच्या उन्हाळ्यात तो माझ्याकडं आला. चपला करकरल्या, मला वाटलं समोर जाणार. पायरी चढून आत आला, काखेतून पांढरं पॉपलिन काढून माझ्यापुढं ठेवलं. "माप घे." मी म्हणालो, "का? गावात नव्या शिंप्यानं दुकान उघडलं न्हाय वाटतं?" तो धापा टाकत स्टुलावर बसला. रंग उतरला होता. "पोरीच्या लग्नात उभं राहायचंय, दिगू. त्या दिवशी नीट दिसलं पाहिजे की."

त्याच्या अंगाचं माप मला टेप न लावता सांगता आलं असतं, इतकी वर्षं मी त्याला मनातल्या मनात शर्ट शिवत होतो. तरी टेप लावला, सावकाश, खांद्यावरून दोनदा फिरवला. काज-बटण मी बाहेर देतो, या शर्टाचं दिलं नाही. दोन दिवसांत शर्ट तयार झाला असता. पण डावी बाही मी मुद्दाम कच्च्या टाक्यांवर ठेवली आणि निरोप धाडला, की ट्रायलला ये. ट्रायलची काही गरज नव्हती. तो आणखी एकदा यावा, माझ्या दुकानात बसावा, समोरच्यानं ते बघावं, एवढंच होतं. त्यानं उलट निरोप दिला, सोमवारी येतो. त्या सोमवारी पहाटेच तो गेला.

तेराव्याला सगळे आले होते. भाकरीवाली, नवारवाला, न्हावी, नरसय्या. प्रत्येक जण सांगत होता, आण्णांनी पहिली भवानी माझ्याकडं केली. मी उठताना म्हादूची बायको, सुशीलावहिनी, जवळ आल्या. "भाऊजी, तो शर्ट झाला असंल तर देऊन टाका एखाद्या गरजवंताला. ह्यांनी तेच केलं असतं." खरंच आहे, त्यानं तेच केलं असतं. म्हणूनच मी देणार नाही. त्याचं सगळं आयुष्य गावानं वाटून घेतलं, एवढा एक शर्ट मी वाटणार नाही.

तो माझ्या दुकानात खिडकीशेजारच्या खुंटीवर आहे. खांदा बरोबर खांद्यावर बसेल असा, कॉलर मानेला धरून, डावी बाही अजून कच्च्या टाक्यांवर. परवा नरसय्या टाचण्या मागायला आला आणि शर्टाकडं बघत उभा राहिला. बाहीला हात लावणार होता, लावला नाही. "पक्की करून देऊ का, शेठ?" असं हळूच म्हणाला.

मी म्हणालो, "राहू दे. माझं गिऱ्हाईक हाय ते."