पट्टा सुटला नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, ऑफिसात नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. वीस वर्षं मी बातम्या लिहितो आहे. कुणी, कुठं, कधी, काय — हे प्रश्न रोज दुसऱ्यांना विचारतो. स्वतःला विचारायची वेळ आली की मात्र — पण आधी जागा सांगतो. तेवढं सोपं आहे.

नळदुर्गात हायवेपासून आत, एका शाळेच्या मागं पत्र्याचं शेड आहे. आत काथ्याच्या गाद्या, वर ताणून बांधलेली ताडपत्री. बिराजदार सर तिथं ज्युदो शिकवायचे. बाहेर ट्रकचे हॉर्न चालू असायचे, पण आत शिरताना प्रत्येकजण दारात थांबून वाकायचा, चपला ओळीत लावायचा आणि मगच गादीवर पाय ठेवायचा. शेवटचा पाऊण तास रांदोरीचा. रांदोरी म्हणजे मोकळा सराव — डाव आधी ठरलेला नसतो, समोरचा तुम्हाला खरोखर पाडायला बघतो. चार मिनिटांचा राऊंड, मग जोडी बदलायची.

जोडी लावायची एक रीत होती. खालच्या पट्ट्याच्या मुलानं वरच्या पट्ट्याच्या मुलासमोर येऊन वाकायचं. वरच्यानं नाही म्हणायचं नाही. दमलेला असो, अंग दुखत असो, उलट वाकायचं आणि उभं राहायचं. सर म्हणायचे, "नको म्हणायला तू काय तहसीलदार हाय का?"

यातून सुटायची एकच वाट होती. पट्टा सुटला किंवा जाकीट विस्कटलं, तर कडेला जायचं, भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर बसायचं आणि नीट बांधून घ्यायचं. तेवढ्या वेळात त्याला कुणी काही विचारायचं नाही. माणूस स्वतःला सावरत असताना त्याच्याकडे बघू नये, म्हणून ही रीत. चांगली रीत आहे. मी तिचं काय केलं, ते सांगायचं आहे.

माझा पट्टा तपकिरी होता, काळ्याच्या अलीकडचा. शेडमध्ये सरांनंतर मीच. तो मिळाला त्याच वर्षी एका दैनिकाचा वार्ताहर झालो होतो. गावात लोक नावानं हाक मारू लागले होते. आणि मी डावखुरा. हे लक्षात ठेवा. डावखुऱ्याची पकड उलटी पडते. सवय नसलेला माणूस सुरुवातीलाच गोंधळतो. शेडमध्ये डावखुरा मी एकटाच होतो.

रेवण माझ्यामागून तीन वर्षांनी आला. जवळच्या वाडीवरचा, घरची मेंढरं. सायकलवर यायचा. माझ्याहून चार वर्षांनी लहान, वजन माझ्याइतकंच, पट्टा हिरवा, माझ्याहून खालचा. पकड मात्र मेंढे धरून धरून झालेली. एका संध्याकाळी तो माझ्यासमोर वाकला, आणि मिनिटभरही झालं नसेल, मी पाठीवर पडलो. स्वच्छ. गादीचा आवाज सगळ्या शेडनं ऐकला. त्यानं लगेच हात दिला. "लागलं न्हाय न्हवं, अण्णा?" कुणी हसलंही नाही.

हसले असते तर बरं झालं असतं का? मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे येताना दिसला आणि माझा हात कमरेशी गेला. टोक धरून ओढलं की गाठ उकलते. मी कडेला गेलो, भिंतीकडे तोंड केलं, गुडघे टेकले. सावकाश बांधलं. वळलो तेव्हा जोड्या लागल्या होत्या. हे एकदाच घडलं असतं तर मी त्याला भीती म्हटलं असतं. पुढं दीड वर्ष घडत राहिलं — त्याला काय म्हणायचं?

बाकी कुणाशीही मी राऊंड करायचो. रेवण समोर आला की पट्टा सुटायचा. आमच्या वजनाचं तिसरं कुणी नव्हतं, म्हणून तो ते राऊंड खांबाला बांधलेली सायकलची ट्यूब ओढत काढायचा. सर एकदा मला म्हणाले, "ह्यो पट्टा हाय का लेंग्याची नाडी?" सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला कोरा पट्टा आणून दिला. जुना गुळगुळीत झाला असेल, असं त्यांना वाटलं होतं.

आणि मग — इथंच मी दरवेळी थांबतो. राज्य स्पर्धेला महिना उरला होता. रेवणची निवड झाली होती. पदक आलं तर खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलीस भरती, हे त्यानं मनाशी ठरवलं होतं. त्या संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, तर तो रीत मोडून माझ्या शेजारी येऊन बसला. "अण्णा, सर बघायच्या आत द्या हिकडं." माझ्या हातातली टोकं त्यानं घेतली. "आमी मेंढ्याला दावं असं बांधतो. वढंल तसं आवळतंय. आता सुटायचं न्हाय." गाठ मारली, चाचपून बघितली, हसला. मग गादीच्या मधोमध जाऊन माझी वाट बघत उभा राहिला.

गाठ खरंच घट्ट होती. सोडवायला दोन्ही हातांची नखं लावावी लागली. मी ती सोडवली — त्याच्याकडे पाठ करून.

त्याला कळलं का? तो खांबाकडे गेला आणि ट्यूब ओढायला लागला. त्यानंतर तो माझ्यासमोर कधी वाकला नाही.

राज्य स्पर्धेत पहिल्याच लढतीत त्याच्यासमोर डावखुरा आला. मी वार्तांकनाला गेलो होतो, कडेला वही घेऊन बसलो होतो. रेवणचा उजवा हात पकड शोधत राहिला, आणि तो पडला. पाठीवर स्वच्छ पडला की लढत तिथंच संपते. चाळीस सेकंद. संध्याकाळी मी बातमी पाठवली. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे — डावखुऱ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सरावाचा अभाव त्याला भोवला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी ते लिहिलं, पुन्हा वाचलं आणि पाठवलं.

चार दिवसांनी रेवण स्टँडवर भेटला. म्हणाला, "बरोबर लिवलंय तुमी, अण्णा. माझाच सराव कमी पडला."

मी मान डोलावली.

भरतीत त्याचं झालं नाही. काही वर्षं त्यानं टेम्पो चालवला. सराव सोडला नाही. काळा पट्टा मिळवला. सरांचं वय झाल्यावर शेड त्यानं हातात घेतलं. माझी दरम्यान धाराशिवच्या ऑफिसात बदली झाली होती. गादी सोडायला ते कारण बरं पडलं.

गेल्या वर्षी मी तिथं एका मुलीची बातमी करायला गेलो. भाग्यश्री, बारावीतली, राज्य स्पर्धेच्या निवडीच्या तयारीत. रेवण म्हणाला, "हिला सरावाला डावखुरं कुणी घावंना, अण्णा. मंगळवारी येता का?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं. ऐकणं माझं काम आहे.

"माझे गुडघे गेलेत, रेवण."

"पडायला गुडघं कशाला लागत्यात?"

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी जातो. भाग्यश्री वाकते, मीही वाकतो. बरेच महिने ती माझ्या डाव्या हाताशी अडखळत होती. गेल्या शुक्रवारी तिनं त्या पकडीतून वाट काढली आणि मला पाडलं. स्वच्छ. मी पत्र्याकडे बघत पडलो होतो आणि — लिहायला संकोच वाटतो — मला आनंद झाला होता. "काका, उठा की," ती म्हणाली, "अजून दोन मिनटं हायत."

यानं रेवणचे राऊंड भरून निघत नाहीत. तिला पदक मिळालं तर ते तिचं असेल.

हा मजकूर मंगळवारी छापून येईल. शेडमध्ये पेपर येतो. रेवण तो सरावाआधी वाचतो. मी नेहमीच्या वेळी जाईन, दारात वाकेन. या वर्षभरात मी त्याच्याकडे एकही राऊंड मागितलेला नाही. आता त्याचा पट्टा काळा आहे, माझा अजून तपकिरीच, म्हणजे विचारायचं मी. पट्टा त्यानं दाखवलेल्या गाठीनं बांधलेला असेल. मी त्याच्यासमोर जाऊन वाकेन.

त्यानं कमरेकडे हात नेला आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला, तर मी तिकडं बघणार नाही. त्याचं बांधून होईपर्यंत गादीवर उभा राहीन.