ओढायचं नाही

सिंगापूरमध्ये टॅम्पिनीसला आमच्या शेजारी एक जपानी बाई राहायच्या. त्या रेशमी दोऱ्यांचे गोफ विणायच्या. मी नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली, दिवसभर मोकळीच, म्हणून दर बुधवारी त्यांच्याकडे शिकायला बसायची.

समोर लाकडी स्टुलासारखी घोडी, तिच्या गोल माथ्यात मधोमध भोक. कडेवरून आठ दोरे खाली सोडलेले, प्रत्येकाच्या टोकाला शिसं भरलेलं जड लाकडी रीळ. भोकातून उतरणाऱ्या गोफाला वजनाची छोटी पिशवी. दोरे ठरल्या क्रमाने इकडचे तिकडे करायचे, एवढंच काम.

मी मात्र प्रत्येक दोरा फिरवला की कचकन ओढायची. लेकीच्या वेण्या घालून लागलेली सवय. घट्ट नाही ती वेणी कसली? माझा गोफ कुठे जाड, कुठे बारीक. तिसऱ्या बुधवारी मी वैतागून म्हणाले, "तुमचे दोरेच निसरडे आहेत."

बाईंनी माझं मनगट धरलं. "ओढू नका. ओढायला वजनं आहेत. तुम्ही फक्त जागा बदला."

रागच आला मला. पण ओढणं थांबवलं, आणि गोफ चार बोटं सरळ उतरला.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी लेक माझ्यापुढे पाठमोरी बसली आणि तिने खांदे कानांपर्यंत आवळून घेतले. रोजच आवळत असणार. मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हात सैल ठेवून वेणी घातली, रबर लावलं. ती तशीच आवळून बसलेली.

"झाली," मी म्हणाले.

"डन ऑलरेडी?" तिने विचारलं, आणि तिचे खांदे हळूहळू खाली आले.