सोमीची करवंटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलींना नाही. जपाला बसले आणि मन त्या ओटीकडे वळलं, की मी घाईघाईने पुढचा मणी ओढते. आता तुम्हाला सांगतेय ते धीर आलाय म्हणून नव्हे. वय झालं — आणखी उशीर केला तर राहूनच जाईल.

पनवेलला आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. हे कचेरीत कारकून, महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. एकदा येताना नेरे गावाहून पिशवीत घालून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आले. बंड्या. मग काय, घरी आले की आधी त्याची चौकशी, नंतर माझी! पण मालकीणबाईंचं सोवळं कडक. सारवलेल्या ओटीला कुत्रं शिवलं तर खोल्या सोडा, म्हणाल्या. तेव्हा यांनी वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं, तोंडाशी पट्ट्यांचं दार केलं, कडी बसवली आणि ओटीच्या कोपऱ्यात चार विटांवर ठेवलं. विटांवर म्हणजे जमिनीला शिवत नाही. मालकीणबाईंनाही ते पटलं.

पण कुत्र्याला खोक्यात राहायला आवडावं कसं? ते मी शिकवलं. आधी दाराशी गुळाचा खडा. मग आत भाकरी, मग माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा. मग दार लावून मी शेजारी तांदूळ निवडत गाणं म्हणायची — बाई इथेच आहे, हे त्याला कळावं म्हणून. हळूहळू गाणं थांबवलं, आत स्वयंपाकाला गेले, बाजारात जाऊन आले. महिन्याभरात "घरात जा" म्हटलं की शेपूट हलवत आत, आणि पट्ट्यांतून नाक काढून माझी वाट बघत बसायचा. मला केवढा अभिमान होता त्याचा — खोटं कशाला सांगू?

सोमी डोंगराकडच्या कातकरवाडीवरून लाकडाची मोळी घेऊन यायची, बदल्यात तांदूळ न्यायची. तिनेही ओटीवर चढायचं नाही. मोळी अंगणात टाकायची, आणि मी वरून ओतलेलं पाणी स्वतःच्या करवंटीतून प्यायची. ती करवंटी कुंपणाच्या खाचेत खोचलेली असे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मे महिना होता. मालकीणबाई गावी, हे फिरतीवर. पेणला मावसबहिणीकडे बारसं. सकाळी बंड्याला खोक्यात घालून कडी लावली. दुपारच्या एस.टी.ने परतायचं होतं, म्हणून कुणाला सांगितलंही नाही. पण तिथे मी पाळणा म्हटला, आणि बायका म्हणाल्या, आणखी एक. मग म्हणाल्या, आज राहाच. माझं एवढं कौतुक कुणी केलंच नव्हतं हो. राहिले. बंड्या आठवला नाही का? आठवला. खोकं आवडतं त्याला, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले, तर तो गेलेला होता. नाक पट्ट्यांत तसंच.

पण सांगायचं ते एवढंच नाही. खोक्यासमोर, ओटीवर, सोमीची करवंटी होती. अर्धीअधिक पाण्याने भरलेली. शेजारी लांब काठी. तिने अंगणात उभं राहून काठीने ढकलत ढकलत करवंटी विटांपर्यंत नेली होती. सांडलेल्या पाण्याचा माग सारवणावर उमटला होता. त्याचं तोंड तिथवर पोचणार नव्हतं. घरात कुणी नव्हतं, तीन पायऱ्या चढून कडी तेवढी काढायची — पण ती चढली नाही. बंड्याला मी गुळावर शिकवलं. तिला कशावर शिकवलं होतं आम्ही?

संध्याकाळी हे आले. मी म्हटलं, सोमीला बजावून गेले होते, त्याला बघ म्हणून — ती आलीच नाही. हे ओटीवर गेले. खोक्यासकट त्याला घेऊन गेले आणि पुरून आले.

दोन दिवसांनी सोमी आली. का आली नाहीस, यांनी विचारलं.

"मला कुनी नाय सांगितलं, दादा. पन मी आलेली. पानी ठेवलेलं त्याला, माज्या करवंटीत. बाय, तुमी बगितली ना?"

हे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "नाही बाई. मला नाही दिसली."

तिने कुंपणाकडे पाहिलं. खाच रिकामी होती. मग माझ्याकडे पाहिलं — आणि तिला कळलं. तिला कळलेलं मला दिसलं. यांनी तिला पुन्हा येऊ नकोस म्हणून सांगितलं. मालकीणबाई परतल्यावर त्यांच्या कानावर गेलं, आणि आळीतल्या सगळ्याच घरांनी तिची मोळी बंद केली. तिच्याकडे कोण उपाशी राहिलं, मी कधी विचारलं नाही. ती परत दिसलीही नाही.

बंड्याचा विषय निघाला की हे शेवटपर्यंत म्हणायचे, त्या बाईने नुसतं पाणी जरी ठेवलं असतं... मी मान हलवायची.

करवंटी मी फेकली नव्हती. त्या दुपारी पाणी मोरीत ओतलं, ओटी पुन्हा सारवली, खोक्यावर लुगडं टाकलं. संध्याकाळी हे येताना दिसले, तशी करवंटी आणि काठी चुलीत घातली. दोन्ही वाळलेली, लगेच पेटली. त्या जाळावर यांचा चहा ठेवला. तो उकळत होता, तेव्हा हे अंगणात पाय धुता धुता बंड्याला हाका मारत होते.