वेदीमागची काळी भिंत

जुनं चर्च सांभाळायच्या कमिटीत एकदा नाव गेलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. तेच येऊन डोक्यावर बसतात! मी आर्किटेक्ट, राहते भिंगारला. काष्टीच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात चुन्यात बांधलेलं काळ्या दगडाचं चर्च. वेदीमागची उघड्या दगडांची भिंत म्हणजे माझा जीव की प्राण. आईवडिलांचं लग्न तिच्यासमोर लागलं. तिला सिमेंट लागू द्यायचं नाही, एवढ्यासाठी मी या फंदात पडले.

*

आमच्याकडे माणूस गेलं की घरचे चर्चला फॅन देतात. पात्यावर नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ'. सागवानी छत आता फॅनांमुळे दिसत नाही. एक तर थेट वेदीवरच लावला! मिस्सेची प्रार्थना सुरू झाली की वेदीवरच्या मेणबत्त्या विझायच्या. बंद ठेवू या म्हटलं, तर त्या घरची सून रडायलाच लागली.

"अण्णांना उकाडा सोसत नव्हता वो," म्हणाली.

फॅन चालूच आहे. मेणबत्त्या तेवढ्या विजेवरच्या आणल्या.

*

दुरुस्तीसाठी बोलावलेल्या कॉन्ट्रॅक्टरनं काढलं, वेदी चुकीच्या दिशेला आहे, वास्तुदोष! आमचे सेक्रेटरी अंतोनदादा लगेच टेप घेऊन उभे. फादर म्हणाले, दादा, आपण ख्रिस्ती आहोत.

"ख्रिस्तीच हाय की फादर. पण जागा तर हितलीच हाय ना?"

यावर दोन मीटिंगा गेल्या. मी कपाळाला हात लावून बसले. शेवटी वेदी जागेवरच राहिली, कारण ती उचलायला कुणी पुढं येईना.

*

मग वेदीमागच्या भिंतीला ओल आली. औषध प्रत्येकाला तोंडपाठ, सिमेंट प्लास्टर. मी घसा फोडून सांगितलं, बाबांनो, सिमेंटनं कोंडलं तर पाणी आतल्या आत भिंत खाईल. चुना मळून आणला, दगडांमधल्या फटी, म्हणजे दरजा, कशा भरायच्या ते स्वतः करून दाखवलं. कमिटीनं कधी नव्हे ते ऐकून घेतलं. अंतोनदादा तर सगळ्यांसमोर म्हणाले, ताईचा शब्द मोडायचा न्हाई, दगड दिसलाच पायजे. खरं सांगते, मला भरून आलं.

*

नंतर लेकीच्या बाळंतपणात अडकले, गावी जाणं झालं नाही. नाताळच्या आदल्या दिवशी पोचले, तर अंतोनदादा दारातच वाट बघत उभे. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. आत घेऊन गेले.

वेदीमागची अख्खी भिंत गुळगुळीत सिमेंटची. त्यावर काळा ऑइलपेंट, आणि पेंटवर पांढऱ्या रेघा मारून एकेक दगड काढलेला. मी तिथंच बाकावर बसले.

"ओल बी झाकली, आन् तुमचा दगड बी ऱ्हायला," दादा म्हणाले. "पेंटर काष्टीचा हाय. मूळचे दगड लहानमोठे हुते ताई, त्यानं समदे एका मापात काढले."