रिकामी पेटी

डांबरगोळ्यांचा वास आला की शहाद्याजवळचं आमचं चर्च आठवतं. चैत्राच्या उन्हात तापीतले मासे आपोआप शिजत होते, खोटं नाही सांगत, आणि तेव्हाच अमेरिकेतल्या चर्चच्या बायकांनी विणलेल्या लोकरी टोप्यांची, डांबरगोळ्या घातलेली पेटी आली. पादरीसाहेबांचा मान राखून आम्ही त्या घातल्या आणि घामाने न्हालो. साहेब सुट्टीवर मायदेशी निघाले होते, ती रिकामी पेटीही परत नेणार होते. एका म्हातारीने तीत मोहाची वाळकी फुलं ओतली. "रिती पेटी कशी धाडानी, बाबा? त्या बाया काय म्हनतीन?" "आजी, याची दारू होते," म्हणत साहेबांनी फुलं उपसून बाहेर टाकली, आणि आम्ही सगळे खदाखदा हसलो. म्हातारीने डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी घालून रिकाम्या पेटीत ठेवली. ही गोष्ट मी चारचौघांत रंगवून सांगतो, पण उन्हात शिजणाऱ्या माशांपाशीच थांबतो, म्हातारीपर्यंत जात नाही.