हाताखालचा पत्रा

धाकट्या भावाची गाडी माझ्या हातून ठोकली गेली, हे आधीच सांगून टाकते. तो बेंगळुरूला नोकरीला आहे. परदेशी निघालेल्या एका माणसाकडून त्याने ती जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली होती. दोनच सीट, गर्द हिरवा रंग, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसताना मला जमिनीवर पाटावर बसल्यासारखं वाटायचं. कॉलेजात असल्यापासून तो असल्या गाड्यांची चित्रं वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा. चाळिशी ओलांडल्यावर खरी गाडी दारात आली. सुट्टीला सोलापूरला आला तो ती घेऊनच.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. गाडी चालवते, पण आपली साधी, घर ते कॉलेज. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अक्कलकोट रोडला फिरायला गेलो तेव्हा त्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "ताई, चालव की."

"नको रे. तुझी गाडी आहे."

"म्हणूनच म्हणतोय. मी आहे ना शेजारी."

पाच-सात मिनिटं मी चांगली चालवली. मग एका वळणावर मेंढरं रस्ता ओलांडत होती. ब्रेक दाबला, पण गाडी थांबायची नाही असं वाटून मी ती डावीकडे वळवली. तिथे कडेला ट्रॅक्टरची रिकामी ट्रॉली उभी होती. तिच्या मागच्या कोपऱ्याला गाडीची डावी बाजू आधी आदळली आणि मग पुढं घासत गेली. वर्गातलं पत्र्याचं कपाट पडावं तसा आवाज झाला आणि थांबला.

मेंढपाळ काठी टाकून धावत आला. "बाई, लागलं का कुटं?"

"नाही. तुमची मेंढरं?"

"समदी हायत की. एकालाबी धक्का न्हाय." मग तो वाकून गाडीची डावी बाजू बघायला लागला.

ट्रॉलीचा नुसता रंग गेला होता. आमचं डावं मडगार्ड मात्र दिव्यापासून दारापर्यंत चुरगळलेलं होतं. दाराजवळ तर त्याची घडी पडली होती, कापडाची पडावी तशी. भाऊ खाली बसला, त्या घडीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "तुला लागलं नाही ना?" मी नाही म्हटलं. त्यानंतर घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुण्याच्या एका वर्कशॉपला त्याने फोटो पाठवले. त्यांचं उत्तर सरळ होतं: मडगार्ड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ते ठोकून सरळ होत नाही, नवीनच लागेल, आणि या मॉडेलचं नवीन आता मिळत नाही. सोलापुरात मी तीन गॅरेजं फिरले. तिन्ही ठिकाणी एकच घडलं. माणूस लोहचुंबक लावून बघायचा, चुंबक चिकटायचं नाही, आणि तो मान हलवायचा. तिसऱ्या गॅरेजवाल्याने मात्र जाताना हाक मारली. "मॅडम, एमआयडीसीत एक अण्णा आहेत. आधी आचाऱ्यांची मोठी भांडी दुरुस्त करायचे, लग्नातल्या जेवणावळीची. अ‍ॅल्युमिनियम त्यांना विचारा."

अण्णांची शेड एका बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याच्या शेजारी होती. साठीचा बारीक माणूस, खाकी हाफ पँट, कपाळावर घाम पुसायला बांधलेला पंचा. भाऊ गाडी तशीच हळूहळू चालवत घेऊन आला होता, पण आत यायला तयार नव्हता. बाहेर लिंबाखाली उभा राहिला. अण्णांनी चुंबक लावलं नाही. नखाने रंग उडालेल्या जागी एकदा टिचकी मारली, कान दिला, आणि म्हणाले, "पातेल्याचाच पत्रा की हा. जरा शिकलेला."

मग त्यांनी मला समोर स्टुलावर बसवलं. "गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

"मग तुमीच सांगा. पयलं कुठं लागलं, नंतर कुठं? सावकाश सांगा. जसं झालं तसं."

मला वाटलं, हा जबाबच चाललाय. पण ते खडू घेऊन गाडीजवळ बसले होते. मी सांगत गेले आणि ते पत्र्यावर आकडे लिहीत गेले. दिव्याजवळ एक. त्याच्या मागच्या खळग्याला दोन. चाकाच्या कमानीवर तीन. दाराजवळच्या घडीला सहा. शेवटी उठून म्हणाले, "सहापासून सुरू करायचं. जे शेवटी झालं ते आधी काढायचं. नाहीतर पत्रा ऐकत नाही."

मी वीस वर्षं मुलांना शिकवत आले आहे की फुटलेला कप आपोआप जुळत नाही, काही गोष्टी मागं जात नाहीत. आणि हा माणूस माझा अपघात शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडायला निघाला होता.  दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटलं की मी तिथे जायला लागले.

त्यांनी मडगार्ड खोलून काढलं आणि वाळू भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर ठेवलं. लोखंडी हातोडा हातातही घेतला नाही. लाकडाचा घेतला, गोल तोंडाचा, वापरून वापरून काळा झालेला. ठोकण्याआधी घडीवर कपडे धुण्याचा साबण चोळला. मला वाटलं, साफ करताहेत. त्यांनी गॅसची ज्योत पेटवली आणि पत्र्यावरून फिरवायला सुरुवात केली, अगदी अलगद, ओवाळल्यासारखी.

"साबण कशाला, अण्णा?"

"लोखंड तापलं की लाल होतंय. दिसतंय. हे अ‍ॅल्युमिनियम काय दाखवत नाही. गप राहतंय, आणि एकदम वितळून खाली पडतंय. म्हणून साबण. त्याच्याकडं बघा."

मी बघत राहिले. पांढरट साबण पिवळा झाला, मग चहासारखा, मग कॉफीसारखा. तिथेच त्यांनी ज्योत उचलली. "आता मऊ झालं. आता थोडा वेळ ऐकंल."

अ‍ॅल्युमिनियम किती तापमानाला वितळतं, ते मला पाठ होतं. दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. पण ज्योत हातात असताना ते ओळखायचं कसं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. इथे एका माणसाकडे त्याचं उत्तर होतं, आणि ते दुकानातल्या साबणाच्या वडीत होतं. त्या क्षणी मला लाज वाटली नाही. चकित व्हायला होतं तसं झालं फक्त, आणि माझ्या विषयाबद्दलच मला नव्याने प्रेम वाटलं.

घडी एका घावात उघडत नव्हती. ते कडेने यायचे, लहान लहान ठोके, सगळे एकाच जोराचे. मध्येच थांबून तळहात फिरवायचे. दोन दिवसांत सहा आणि पाच पुसले गेले.

दुपारी त्यांची बायको डबा घेऊन यायची. नऊवारी नाही, साधं गोल पातळ, केसांत अबोली. आयुष्यभर ती टॉवेल कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर होती. लांबच लांब कापड हाताखालून सरकत जायचं आणि त्यातला सुटलेला धागा शोधायचा, हे तिचं काम. जेवण झालं की ती हात धुऊन यायची, जुन्या धोतराचा पातळ तुकडा पत्र्यावर ठेवायची आणि त्यावरून तळहात लांबवर न्यायची, कारखान्यात कापडावरून न्यायची तसाच. मग थांबायची. "इक्कडा," म्हणायची. म्हणजे इथे. अण्णा तिथे खडूने खूण करायचे. ती दोघं आपसात तेलुगूच बोलत. एकदाही त्यांनी तिचं म्हणणं तपासून बघितलेलं मी पाहिलं नाही.

"अक्का, मला का नाही कळत?" मी एकदा विचारलं. मी त्याच जागी बोटं फिरवली होती आणि मला पत्रा अगदी सपाट वाटला होता.

"बोटानं बघू नका बाई. बोट लई हुशार असतंय, आपल्या मनाचं सांगतंय. तळवा ठेवा. दाबू नका. आणि कापड मधी घ्या, म्हणजे हात अडकत नाही."

तिने माझा हात धरला, कापडावर पसरला आणि आपल्या हातानं पुढं नेला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी माझ्या तळव्याखाली काहीतरी उठलं आणि बसलं. झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवावा आणि श्वास जाणवावा, तेवढंच. डोळ्यांना तिथे काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"आहे," मी म्हणाले. 

"हाय की," ती म्हणाली आणि डब्याची भांडी आवरायला गेली.

त्या रात्री जेवताना मी हे भावाला सांगितलं. त्याने ऐकलं. "उद्या मीही येतो," म्हणाला.

तो आला आणि नेमकी त्याच दिवशी चीर पडली. चाकाच्या कमानीवर अण्णा काम करत होते. आवाज बदलला. मलासुद्धा कळला, इतके दिवस ऐकून. टक् ऐवजी टच् असं काहीतरी. अण्णांचा हात हवेतच थांबला. कमानीच्या कडेला बोटभर चीर होती.

 भाऊ पुढं झाला. अण्णांनी हातोडा खाली ठेवला, पंच्यानं तोंड पुसलं आणि सरळ त्याच्याकडे बघून म्हणाले, "माझ्या हातानं झालंय, सर. दोन ठोके जास्त मारले. पत्रा थकला होता, मी थांबायला पायजे होतं."

मला वाटलं, आता तो गाडी उचलून नेईल. चीर बघायला तो उकिडवा बसला. मग विचारलं, "आता?"

"आता आज काही नाही. उद्या सांधतो. सांधलं तर सांधलं."

"आणि नाही सांधलं तर?"

"तर मी तसं सांगीन."

भावाने मान डोलावली. घरी येताना गाडीत, माझ्या साध्या गाडीत, तो म्हणाला, "ताई, मला ऑफिसात इतकं सरळ कुणी कधी सांगितलं नाही." मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "तू ठोकलीस म्हणून मी गप्प नव्हतो. तू शेजारी मरून पडली असतीस, हेच डोळ्यांसमोर येत होतं. ते बोलता येईना." मी गाडी बाजूला घेतली. 

दुसऱ्या दिवशी अण्णांनी चिरेच्या टोकाला सुईएवढं भोक पाडलं, म्हणजे ती पुढं पळू नये. सांधा धरावा म्हणून चिरेवर पांढरी पूड लावली, काळा चष्मा चढवला आणि ज्योत धरली. आम्हाला मागं सरकायला सांगितलं. नारिंगी उजेडात चिरेच्या दोन्ही कडा क्षणभर पाण्यासारख्या चमकल्या, थरथरल्या आणि एकमेकींकडे धावल्या. त्याच क्षणी ज्योत वर गेली. अर्धा श्वास उशीर झाला असता तर तिथे भोक असतं. भावाने माझा दंड घट्ट पकडला होता हे मला नंतर कळलं, दुखायला लागल्यावर.

अण्णांनी चष्मा काढला.  "बसलं," म्हणाले, आणि माठातलं पाणी प्यायले.

त्यानंतर भाऊ सुट्टी वाढवून रोज यायला लागला. त्याला त्यांनी कामाला लावलं. मडगार्ड परत गाडीवर बसवल्यावर आतून लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून अण्णा ठोकणार. चाकाच्या खाचेत हात घालून तो तासन्‌तास आडवा पडायचा. "जरा वर. अजून. तितंच." बाहेरचा घाव आणि आतला ठोकळा समोरासमोर आले की आवाज घंटेसारखा स्वच्छ यायचा, आणि दोघंही एकदम हसायचे. रंगाआधी भरायची पुट्टी त्यांनी इतकी कमी लावली की तिच्यातून पत्रा दिसत होता.

रंग जमायला आठवडा गेला. तो हिरवा सहज मिळेना. शेवटी एका सकाळी अण्णांनी गाडी शेडबाहेर उन्हात आणली. अक्काही त्या दिवशी डबा घेऊन लवकर आली होती. भाऊ तिच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसला आणि डाव्या बाजूवर नजर लावली. मीही बसले. शेजारच्या कारखान्याच्या छताच्या पत्र्यांच्या रेघा मडगार्डवर उमटल्या होत्या. त्या दिव्यापासून दारापर्यंत जात होत्या. जिथे सहा नंबर होता, जिथे चीर होती, तिथून जात होत्या. एकही रेघ वाकली नव्हती, अडखळली नव्हती. मी स्वतः तो पत्रा मोडलेला पाहिला होता. त्याच्या प्रत्येक घडीची जागा मला पाठ होती. तरी मला ती सापडेना.

भाऊ उठला, अण्णांपुढे वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावला. त्यांना ते अवघड झालं. "अहो सर, काय हे. उठा."

"एक चक्कर मारू या, अण्णा. तुम्ही बसा."

"मी नको. मला इथनं ऐकायचंय. हिला न्या."

अक्का आधी नको म्हणाली. मग पदर खोचून, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली. बसताना एकदम खाली गेली आणि मोठ्यानं हसली. तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. गाडी एमआयडीसीच्या रस्त्याला लागली आणि वळणाआड गेली.

अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहिले, मान किंचित तिरकी करून. मी काही विचारणार होते, त्यांनी हात वर करून मला थांबवलं. लांबून गाडीचा आवाज परत येऊ लागला, वाढत गेला, खड्ड्यांवरून आदळत आमच्यासमोरून पुढं गेला.

"ऐकलं का?" त्यांनी विचारलं.

"इंजिन ना?"

"इंजिन सोडा. मडगार्ड वाजलं नाही." एवढं बोलून ते आत गेले आणि चार कप चहा सांगायला फोन लावला.