साहेबाच्या आजीचं नाव

आमच्या साहेबाला मी दीड वर्ष इंग्रज समजत होतो. चूक म्हणाल तर एवढीच. ती मी मनातल्या मनात ठेवली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण एकदा दुपारच्या चहाला, सगळ्या ऑफिसच्या देखत, त्याला खूश करायला मी म्हणालो, "काही म्हणा साहेब, वेळ पाळणं शिकावं तर तुम्हा इंग्रजांकडून!"

साहेबाने कप खाली ठेवला. "मी इंग्रज नाही. मी वेल्सचा आहे," एवढं बोलून तो उरलेला चहा तसाच टाकून आपल्या खोलीत गेला.

वेल्स हा इंग्लंडातलाच एखादा तालुका असावा अशी माझी समजूत होती. तरी त्याचं दुःख मला कळलं. मी गुहागरकडचा. मला कुणी पुण्याचा म्हणालं असतं तर मीही कप खाली ठेवला असता. चहा संपवून.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रायश्चित्त सुरू केलं. रोज साहेबाला वेल्सबद्दल एक प्रश्न. तिथल्या डोंगरांबद्दल विचारलं, मेंढ्यांबद्दल विचारलं, पावसाबद्दल विचारलं. पंधरवड्यात तो इतका विरघळला की आपल्या आजीबद्दल बोलायला लागला. आजीचं नाव त्याने सांगितलं तेव्हा मला वाटलं, त्याच्या दातात काहीतरी अडकलंय. ते नाव मी इथे लिहीत नाही. लिहिता येईल, पण तुम्ही वाचाल ते ते नसेल. सुरुवातीलाच दोन 'ल', आणि म्हणायचा मात्र एकही नाही. जीभ 'ल' म्हणायला टाळूला लावायची, आणि ऐन वेळी बेत बदलून गालांच्या दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. आपल्याकडे मांजर असा आवाज करतं, पण रागावल्यावर.

"फार सुंदर नाव आहे," मी म्हणालो. आणि तोंडाला लगाम नसल्यामुळे पुढे म्हणालो, "आम्हांला मुलगी झाली तर हेच ठेवीन."

साहेबाचे डोळे पाणावले. बढतीच्या याद्या पुढच्या तिमाहीत निघायच्या होत्या, पण तसा काही विचार माझ्या मनात नव्हता, असं मी घरी बायकोला सांगितलं. तिला सहावा महिना होता.

आता त्या काळातलं सालमिया, म्हणजे कुवेतमधली आमची वस्ती, तुम्हांला सांगायला हवं. इराकी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. पळालेली माणसं परतून संसार मांडत होती आणि मराठी घरांतून बारशांची रांग लागली होती. आमच्या महाराष्ट्र मंडळाचा एक घडीचा लोखंडी पाळणा होता, तो या घरातून त्या घरात फिरायचा. आणि प्रत्येक घराला एकच ध्यास, नाव असं हवं की कुणाचंच नसेल. एरवी ही माणसं एकाच दुकानातून एकाच रंगाचे सोफे घेणारी, सुट्टीवर जाताना एकाच जातीचे बदाम आणि ब्लँकेटं नेणारी. पण मूल झालं की सगळ्यांना एकदम वेगळेपणाचा झटका यायचा. मंडळाच्या कपाटात नावांचं एक पुस्तक होतं, त्याची पानं हाताळून मऊ झाली होती. त्यातूनच एका वर्षात चार घरांनी आपापलं 'कुणाचंच नसलेलं' नाव शोधून काढलं, आणि पाळणे हलल्यावर ते चारही घरांत एकच निघालं. अर्थ विचारला तर एक म्हणे पहाट, दुसरा म्हणे देवीचा दागिना. त्या चार घरांचं आजही एकमेकांशी बोलणं नाही.

या लोकांना मी मनापासून तुच्छ मानत होतो. त्यामुळे मुलगी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की साहेबाच्या आजीने मला मोठंच हत्यार दिलंय. हे नाव कुठल्याही पुस्तकात नव्हतं. सालमिया सोडा, अख्ख्या आखातात ते दुसऱ्या कुणा मराठी पोरीचं असणार नव्हतं. म्हणजे मीही त्याच रांगेत होतो, फक्त जरा पुढे घुसलो होतो.

अडचण एकच होती, उच्चार. आणि उच्चार करणार होती माझी बहीण.

मला एकच बहीण, थोरली. आमच्या लग्नानंतर आठ वर्षांनी मूल झालं, आणि ती आठही वर्षं ताई गावाकडे आत्या होण्याची वाट बघत बसली होती. स्वतःला मूलबाळ नाही. बातमी कळल्याबरोबर पासपोर्ट काढला. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, व्हिजिट व्हिसावर, हाताने शिवलेली कुंची आणि घुगऱ्यांसाठी दोन किलो हरभरे घेऊन ती उतरली. हरभरे खालच्या बकालात, म्हणजे आमच्या किराणा दुकानात, ढिगाने मिळत होते. हे मी तिला विमानतळावरच ऐकवलं.

बारशाला मुलीच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. हा मान दुसऱ्या कुणाचा नाही. म्हणून मी साहेबाकडून ते नाव एका कॅसेटवर भरून आणलं. त्याने सावकाश, पुन्हा पुन्हा, गळा खाकरत म्हटलेलं. टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरात ठेवला आणि ताईची शिकवणी सुरू केली.

ताई लसूण सोलता सोलता म्हणायची. तिच्या तोंडून कधी तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यासारखं यायचं, कधी साधा सरळ 'ल'.

"ताई, 'ल' नको. आणि थुंकी उडवू नकोस. नुसती हवा सोड."

"अरे, हवा सोडायला मला विमानाने कशाला आणलंस?"

बायको तिकडे खोलीत बाळाला घेऊन बसलेली. तिथूनच म्हणाली, "अहो, तुम्ही एकदा म्हणून दाखवा ना त्यांना."

"मला कुठे म्हणायचंय? मी बाप आहे."

"हाक मारायची नाही का कधी?"

मी टेप मागे फिरवून पुन्हा लावला.

बारसं शुक्रवारी होतं, सुट्टीच्या दिवशी. साहेब सपत्नीक येणार होता. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं: ताई पाळण्यात वाकली आहे, तिच्या तोंडून साहेबाच्या आजीची विटंबना होते आहे आणि साहेब कप खाली ठेवतो आहे. गुरुवारी सकाळी मी निर्णय जाहीर केला. "ताई, तू पाळण्याला हात लाव, कुंची घाल, काजळ लाव. नाव टेप सांगेल."

ताईच्या हातात कुंची होती. तिची घडी घालून तिने ती मांडीवर ठेवली.

"गावात मी किती पोरांच्या कानात कुर्र केलंय, माहितीये तुला? ज्यांच्या आत्या मुंबईहून यायच्या नाहीत, त्यांच्यासाठी मला बोलवायचे. परक्यांची पोरं. आणि माझ्या भाचीला यंत्र?"

"अगं, उच्चाराचा प्रश्न आहे."

"बरं," ताई म्हणाली आणि आत गेली. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. बायको तर आधीपासूनच बोलत नव्हती.

शुक्रवारी आमच्या दोन खोल्यांत सगळं मंडळ मावलं. पाळणा फुलांनी सजवलेला. साहेब टाय लावून चॉकलेटचा डबा मांडीवर घेऊन सोफ्यावर, शेजारी त्याची बायको, दोघांच्याही चेहऱ्यावर चर्चमध्ये बसल्याचा भाव. बायकांनी पाळणा म्हटला. मग मी टेपरेकॉर्डर घेऊन पुढे झालो, पाळण्यात वाकलो आणि बटण दाबलं.

आधी घरघर. मग साहेबाचं खाकरणं. मग ते नाव, मोठ्याने, बाळाच्या कानापाशी. मुलगी दचकून अशी किंचाळली की तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं असेल. मी घाईने बंद करायला गेलो तर आवाज आणखी वाढला. साहेब पाळण्यातून पुन्हा पुन्हा आपल्या आजीचं नाव घेत राहिला.

बायका बुचकळ्यात पडल्या. कारण आत्या कानात कुर्र करते तेव्हा बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, आणि हात उगारून सगळ्या तयार होत्या.

"आता धपाटे कुणाला?" खजिनदाराच्या बायकोने विचारलं.

"ज्याने कुर्र केलं त्याला."

"टेपला घालू?"

"टेप धरलाय ना कुणीतरी!"

आणि माझ्या पाठीत पहिला बसला. चार घरांच्या त्या चार आया, ज्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या एकदिलाने पुढे आल्या. धपाटा हा शब्द मी आजवर प्रेमळ समजत होतो. मी दोन्ही हातांत टेप धरून वाकलेला, वर उठताही येईना.

साहेब ताडकन उभा राहिला. चॉकलेटचा डबा खाली पडला. "थांबा! त्याला मारू नका!" तो ओरडला. "चूक त्याची नाही, माझी आहे!"

सगळ्या थांबल्या. साहेब लालबुंद झाला होता. त्याला वाटलं होतं, उच्चार चुकल्याची शिक्षा चालली आहे.

"मला वेल्श भाषा येत नाही," तो म्हणाला. "माझ्या आईलाही येत नव्हती. हे नाव मला कधीच नीट म्हणता आलं नाही. मी तोंड उघडलं की आजी कानांवर हात ठेवायची."

त्याच्या बायकोने मान हलवली. तिला हे ठाऊक होतं. कुणीतरी मराठीत सांगितलं, हशा पिकला. मी अजून वाकलेलाच होतो. आठवडाभर ज्या उच्चारापायी मी बहिणीला छळलं, तो साहेबाचा स्वतःचा, घरगुती, त्याच्या आजीने नापास केलेला होता.

"अहो, ते यंत्र बाजूला घ्या," बायको बसल्या जागेवरून म्हणाली. "वन्सं, या."

"मला ते नाव यायचं नाही गं," ताई म्हणाली.

"जे येतं ते सांगा."

ताईने पदर खोचला, पाळण्यात वाकली आणि कानाशी हात धरून काहीतरी म्हणाली. मूल गप्प झालं वगैरे काही नाही. उलट जास्तच रडायला लागलं. मग तिने असं खणखणीत 'कुर्र' केलं की आठ वर्षांचं एकदम बाहेर पडलं असावं. बायकांनी धपाटे घातले, यावेळी हलके.

"नाव काय ठेवलंत?"

ताईने सांगितलं. साधं, तीन अक्षरी, आमच्या आजीच्या पिढीपासून चालत आलेलं. मंडळात त्या नावाच्या आधीच तीन होत्या. साहेबाने ते एकदा स्वतःशी म्हटलं, पहिल्याच झटक्यात बरोबर, आणि इतक्या आनंदाने पुन्हा म्हटलं की मला त्याचा राग आला. बढती त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. तो ब्रह्मचारी होता.

संध्याकाळी पाहुणे गेले. ताई स्वयंपाकघरात उरलेल्या घुगऱ्या डब्यात भरत होती आणि गुणगुणत होती. मी पालथा पडलो होतो. बायको पाठीला बाम चोळत होती.

"कसल्या बायका आहेत," मी म्हणालो. "शेवटचे दोन तर असे बसले! कुणाचे होते ते?"

"वन्संचे," बायको म्हणाली. "त्या नकोच म्हणत होत्या. मीच म्हटलं, घ्या घालून, धाकटा भाऊ असा वाकलेला पुन्हा सापडायचा नाही."